काठावर पास झालेले बारा बोल्ट

२५ सप्टेंबर, गुरुवार

वही, राग मानू नकोस. तुझ्यात शेवटचं लिहिलं त्याला सव्वा महिना झाला. उशिराची कारणं तीन. एक, पाऊस. दोन, पेन आमच्या हिने, भामाबाईने, बाजारच्या यादीसाठी नेलं ते परत आलंच नाही. तीन, मी रुसलो होतो. पण घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे शेवटी स्वतःच उठलो.

आजपासून रोज लिहिणार. संकल्प:

१) पहाटे पाचला उठणे.
२) घराबाहेर पडताना दाराची कडी एकदाच बघणे. (सध्या तीनदा बघतो. भामाबाई म्हणते, कडी झिजंल पर तुमचा इस्वास बसायचा न्हाई.)
३) ट्रकला हात न लावणे.

तिसरा संकल्प माझा नाही, सुग्रीवचा आहे. काल जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, अण्णा, यंदा शेडात पाऊल टाकायचं न्हाई. मोहनरावानं एकच चानस दिलाय. पोटच्या पोराने बापाला असं बोलावं?

ट्रक म्हणजे आमचा गजराज. मिल्ट्रीच्या लिलावातला. साध्या ट्रकची मागची चाकं ओढतात, याची चारही. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी एक पेटी याच्या पोटाखाली आहे, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. पंगतीत वाढप्या करतो तेच काम. काळ्या रानात उसाची गाडी फसली की घाटनांदूरपासून पुढे कोणीही असो, गजराजलाच बोलावतात.

गेल्या जानेवारीत ऊस बागायतदार मोहनरावांच्या रानात मधोमध पेटीला चीर गेली. सगळं ऑइल मातीत. गजराज तीन दिवस तिथेच बसला, तोडलेला ऊस वाळून गेला. अंबाजोगाईचा मिस्त्री बघून म्हणाला, बोल्ट कुणीतरी लई आवळलेत.

त्या 'कुणीतरी'चा मी अजून शोध घेतोय. शहादेव दूधवाल्यावर संशय आहे. रोज शेडाजवळून जातो आणि मनगटं जाड आहेत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

उठलो साडेसातला. पाऊस असला की पाच वाजलेले कळत नाहीत.

शेडात पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसलो. पाऊल बाहेर, मान आत. शब्द पाळला.

जुनी पेटी काढून दुसरी आणली आहे. अल्युमिनियमची. बसवणार कोण, तर सूनबाई. चैताली लग्नाआधी चाकणला एका कारखान्यात गिअरबॉक्स जोडायच्या लाइनवर होती. चार वर्षं. पोरगी गुणी आहे, मला मामा मामा करते, चहात साखर विसरत नाही. पण अनुभव पाहिजे ना. मी एकतीस वर्षं बसच्या चाकांचे नट आवळले. एक चाक निघालं नाही. (एक निघालं होतं, पण तो नट आधीच्या पाळीवाल्याचा होता.)

तिने एक लांब पाना काढला. त्याच्या दांड्यावर आकडे. म्हणाली, मामा, हा टॉर्क पाना. आकडा लावायचा, सावकाश ओढायचं, कट्ट वाजलं की थांबायचं.

मी म्हणालो, आमच्या वेळी मनगटच कट्ट वाजायचं.

हसली. मान देऊन हसली.

मग खडूने भिंतीवर लिहिलं: बोल्ट १२. आकडा ३५.

पस्तीस!

२७ सप्टेंबर, शनिवार

पस्तीस आकडा डोक्यातून जाईना. पस्तीस म्हणजे काठावर पास. त्याच्याखाली मास्तर लाल रेघ मारतो. असला आकडा आपल्या गजराजला कशाला?

सातवीला मला गणितात तेहतीस पडले. दोन मार्क. मास्तरांच्या घरी दोन दिवस पाणी भरलं तरी दोन मार्क वाढले नाहीत, आणि तिथे माझी शाळा सुटली. काठावरच्या माणसाचं काय होतं ते मला विचारा. जरा कुठे धक्का बसला की खाली.

चैतालीला उंबऱ्यावरून समजावलं. म्हणालो, बाई, कमीत कमी साठ ठेव. साठला फर्स्ट क्लास धरतात.

ती म्हणाली, मामा, हे मार्क न्हाईत. जास्ती झालं म्हणजे चांगलं असं नसतं याच्यात. पेटी मऊ धातूची हाय, आटे सोलून निघतील. मागच्या टायमाला त्येच झालं.

तिला शहादेवचं नाव सांगणार होतो, पण पुरावा नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज बोल्ट बसवले. मी देखरेखीला.

तिची पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे चूक निघाली की दाखवता येईल. आधी भोकं आणि आटे चिंधीने पुसले. ऑइलचा थेंब राहू दिला नाही. (तेल लावायला काय हरकत होती? जगात तेल लावल्याशिवाय काय चालतं?) मग सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून बसवले. मग पान्याने, पण एका दमात नाही. पहिल्या फेरीला पंधरा, दुसरीला पंचवीस, तिसरीला पस्तीस. आणि एकापाठोपाठ एक नाही. वरचा झाला की खालचा, डावा झाला की उजवा.

मी म्हणालो, ही काय रीत? देवाला प्रदक्षिणा घालतो तसं एकामागून एक जावं. मी एकतीस वर्षं उजवीकडून प्रदक्षिणाच घातली.

भामाबाई तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, आवं, बाज विणताना एकाच कडंनं वढली तर बाज वाकडीच व्हणार की. समोरासमोर ताण नको का?

बायकांनी एकमेकींची बाजू घ्यायचीच ठरवलं तर अनुभवी माणसाने काय करावं.

बारा वेळा कट्ट. मग चैतालीने एका बारीक ब्रशने प्रत्येक बोल्टावरून पेटीवर सरळ पिवळी रेघ ओढली. कारखान्यात असं करतात म्हणे. बोल्ट हलला की रेघ तुटते, लांबून कळतं.

रेघा छान दिसतात. बोल्टाने गंध लावल्यासारखं.

शेवटी तिने पान्याचा आकडा खाली आणून तो त्याच्या डब्यात ठेवला. म्हणाली, आकडा ताणून ठेवला तर स्प्रिंग दमती. पान्याची एवढी काळजी! माझे गुडघे कोणी असे खाली आणून ठेवत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

सुग्रीव टायर बघायला अंबाजोगाईला. चैताली कपडे धुवायला मागच्या अंगणात. पाऊस उघडला.

एकच बोल्ट बघितला. फक्त बघितला. बघायचं तर पाना लावूनच बघावं लागतं. आणि पाना लावला की थोडा जोर जातोच.

पाव आटा फिरला! म्हणजे सैल होता! मी नसतो तर?

पाहुण्याला पोटभर झालं तरी आग्रहाचा एक घास वाढतातच. न वाढला तर वाढणाऱ्याची लाज. बोल्टालाही आग्रहाचा पाव आटा लागतो. या टॉर्क पान्याला आग्रह करता येत नाही, कट्ट म्हणून हात झटकतो.

एक अडचण. पिवळी रेघ तुटली. बोल्टावरचा तुकडा एकीकडे, पेटीवरचा दुसरीकडे.

उपाय लगेच सुचला. बोल्टावरचा तुकडा चाकूने खरडला, स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणली, गोडेतेलात कालवली, काडीने सरळ नवी रेघ ओढली. हुबेहूब. सातवी नापास माणसाची ही अक्कल आहे. दहावी झालो असतो तर काय केलं असतं?

३० सप्टेंबर, मंगळवार

आणखी पाच झाले. सगळे थोडे थोडे फिरले. सगळे सैल!! चाकणवाल्यांचं काय होत असेल.

साठचा अंदाज मनगटाने घेतो. मनगट दुखतं, म्हणजे साठ झाले.

भामाबाई विचारत होती, हळदीच्या डब्यात वल्ला चमचा कुणी घातला. मी म्हणालो, उंदीर. ती म्हणाली, चमच्यानं खातू का उंदीर? मी विषय बदलला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. घरातले सगळे पाने, हातोडे, पहार, खुरपी, भामाबाईची विळी, सगळं धुऊन देवापुढे मांडलं. टॉर्क पाना मध्यभागी, त्याला झेंडूचा हार. माझा दोन फुटी पाना कडेला, एका पाकळीवर. माणसांचं तसंच हत्यारांचं.

आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या सीमोल्लंघन झालं की उचलायचं. आजोबांपासूनची रीत आहे.

पण सातवा बोल्ट काल अर्धा राहिला होता. चैतालीने हाक मारली आणि मी उठलो. आता दिवसभर तो तसाच राहणार? जेवणात लक्ष लागेना. पुरणपोळ्या तीनच खाल्ल्या.

दुपारी मार्ग सापडला. आपल्या घरातल्या हत्याराला हात लावायचा नाही. शेजारच्या हरिबाचा पाना आपल्या घरातला नाही. त्याच्या घरी पूजा सकाळीच आटोपली होती आणि तो झोपला होता. पाना घेतला. दांडी आखूड होती म्हणून तिच्यात हातपंपाचा पाइप घातला. पाइप हत्यारांत येत नाही.

ओढला. थोडा फिरला. अजून ओढला.

कट्ट!

अंगावर काटा आला. हरिबाच्या साध्या पान्यातून कट्ट! खंडेनवमीचा प्रभाव म्हणा. पूजेच्या दिवशी पान्याने बोलून दाखवलं की झालं, पुरे.

मग बोल्टाचं डोकं पान्यातून माझ्या हातात आलं.

बोल्ट कच्चा होता. हल्ली पोलादात दमच नाही.

डोकं जागेवर ठेवलं, खालून हळदीचा घट्ट गोळा लावून चिकटवलं. वरून कुंकू. रेघ ओढली. पूजेच्या दिवशी ट्रकला हळदीकुंकू लागलं तर कोण विचारणार?

पाना परत ठेवून आलो. हरिबा अजून घोरत होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं वाटलं. चैतालीने आपट्याची पानं देऊन पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, मामा, गजराज चालला पाह्यजे यंदा. आशीर्वाद द्या.

हात डोक्यावर ठेवला, पण तोंडातून शब्द फुटेना. सर्दी असावी.

नंतर जाऊन एक आपट्याचं पान सातव्या बोल्टाच्या डोक्याखाली खोचलं. आता देवावर सोडलं.

५ ऑक्टोबर, रविवार

आठवा बोल्ट. हा वेगळाच. थोडा घट्ट झाला, मग एकदम मऊ. लोण्यात फिरवल्यासारखा गोल गोल फिरतो. एवढा आज्ञाधारक बोल्ट आयुष्यात पाहिला नाही. त्याच्या मागे लागलो नाही. शहाण्याला शब्दाचा मार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाचला उठलो नाही. आठवडाभर कडी मोजली नाही.

बारापैकी आठ झाले. उरलेल्या चारांपर्यंत हात पोचत नाही, तिथे आडवा दांडा आहे. ते काठावर पासच राहणार. त्यांचं नशीब.

मन शांत. सुग्रीव आज ट्रकखाली बॅटरी मारून बघून आला आणि बायकोला म्हणाला, रेघा सगळ्या सरळ हायत, एक नंबर काम. मी खुर्चीत बसून नुसतं हसलो. मोठी माणसं श्रेय मागत नसतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज काय झालं कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

चैताली म्हणाली, ऑइल भरायच्या आधी पेटी बाहेरून धुऊन घेऊ. म्हणजे उद्या गळलं तर लगेच दिसंल. बादलीत साबणाचा चुरा कालवला, ब्रश घेतला, खाली शिरली. मी उंबऱ्यावर. भामाबाई तांब्याने पाणी देत होती.

थोड्या वेळाने आतून चैतालीचा आवाज. आत्या, जरा हिकडं या.

भामाबाई वाकली. बघितलं. आणि मोठ्याने हसायला लागली.

मीही वाकलो. पेटीवर चार रेघा पिवळ्या होत्या. आठ रेघा लालभडक.

मी लगेच सांगितलं, रंगात भेसळ आहे. हल्ली असंच मिळतं.

भामाबाई म्हणाली, रंगात न्हाई, तुमच्यात. हळदीला साबण लागला की लालच व्हती. पन्नास वर्सं तुमची सदऱ्यावरची डाळ धुतीया मी, मला शिकवता?

चैताली एकेका लाल रेघेवर बोट ठेवत गेली. सात नंबरला बोट लावलं, तेव्हा डोकं तिच्या तळहातावर पडलं. सोबत आपट्याचं पान.

तिने ते पान पुसून उजेडात धरलं.

मग म्हणाली, आत्या, दसऱ्याचं हाय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चैतालीने पेटी परत खोलली. मला चहा भामाबाईच्या हाती पाठवला. साखर चहात होती.

सुग्रीव ओरडला. काय काय बोलला ते लिहीत नाही. शेवटी म्हणाला, मोहनरावाला काय सांगू? घरातच गडी हाय खोड्या करणारा, भाईरच्या दुश्मनाची गरजच न्हाई? गेल्या साली बी तुमीच व्हते ना, अण्णा?

मी शहादेवचं नाव घेतलं. घेतलं खरं. पण जमिनीकडे बघून.

जेवलो नाही. भामाबाईने ताट झाकून ठेवलं, मग जेवलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तुटलेला बोल्ट आत राहिला होता, तो काढायला पेटी अंबाजोगाईच्या लेथवर नेली. तीन भोकांत नवे आटे बसवायचे म्हणे. आज्ञाधारक बोल्टाचं भोक सगळ्यात वाईट निघालं.

साखर कारखाना एक तारखेला सुरू. मोहनरावांचा निरोप होता, तीन तारखेला गाडी रानात पाह्यजे, न्हाई तर दुसऱ्याला सांगतो.

दुपारी भिंतीपलीकडून ऐकलं. सुग्रीव म्हणत होता, शेडाला कुलूप घालतो. चैताली म्हणाली, कुलूप घातलं तर खिडकीतून जातील आन पडतील. त्यांना झेपंना घरात नुसतं बसायला. त्यापरीस कामाला लावू.

कामाला लावू! शेवटी सुनेला कळलं. अनुभव तो अनुभव.

१९ ऑक्टोबर, रविवार

पेटी परत आली, बसली. बारा कट्ट. बारा पिवळ्या रेघा. मी खुर्चीतून मोजले, तोंड बंद ठेवून.

मग चैतालीने मला आत बोलावलं. सुग्रीवच्या देखत. पाऊल शेडात ठेवलं. चोवीस दिवसांनी (अधिकृतरीत्या).

ती म्हणाली, मामा, बारा माझ्याकडं. तेरावा तुमच्याकडं. त्याला रोज बघायचं, रोज पाना लावायचा. त्याला आकडा न्हाई. तुमच्या मनगटाचा हिशोब. फक्त बाकीच्यांना हात लावायचा न्हाई. शब्द द्या.

दिला.

तेरावा बोल्ट पेटीच्या बाजूला एका लोखंडी पट्टीवर आहे. पट्टी जाड तारेने दांड्याला बांधलेली. बाकीचे गर्दीत आणि हा एकटा, मानाचा. खालून वाकायला पण लागत नाही, खुर्चीत बसून पाना पोचतो. जागा कोणी ठरवली माहीत नाही, पण अक्कलवान माणूस असणार.

तेराव्याचं काम काय ते मी विचारलं नाही. विचारलं तर माहीत नाही असं दिसलं असतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

अभ्यंगस्नान. फराळाआधी तेरावा. जोर लावला. तसूभर हलला नाही.

याला म्हणतात फिटिंग.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

नाही हलला. पाइप घालून बघितला. नाही हलला. बोल्टाला पेढा ठेवला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीजेला बहीण आली. तिला शेडात नेऊन दाखवलं. म्हणालो, विमल, सगळी गाडी याच्यावर आहे. ती म्हणाली, दादा, एवढासा बोल्ट? मी म्हणालो, हाच.

नाही हलला.

आजकाल बाहेर पडताना कडी एकदाच बघतो. आज लक्षात आलं. तेरावा घट्ट असला की कडीची काळजी राहत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ऑइल भरलं. थेंब गळत नाही. सुग्रीवने गजराज ओढ्यापर्यंत नेऊन आणला. पुढच्या चाकांची ओढ लावली, सोडली, परत लावली. आवाज नाही. चैतालीने खाली शिरून रेघा बघितल्या. बारा सरळ.

सगळे खूश. कोणी तेराव्याचं नाव काढलं नाही. मी पण नाही काढलं. मी परत आल्यावर पहिला तोच बघितला. घट्ट.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हरिबाला सांगितलं की हल्लीच्या गाड्यांत आकडा नसलेला एक बोल्ट असतो, तो मनगटवाल्यालाच देतात. त्याने विचारलं, माझ्या पान्याला हळद कशी लागली? मी म्हणालो, खंडेनवमी.

३ नोव्हेंबर, सोमवार

पाचला उठलो! संकल्प पुरा.

गजराज मोहनरावांच्या रानाकडे निघाला. सुग्रीव चालवायला, चैताली सोबत. पहिले चार दिवस ती तिथेच थांबणार, रोज रेघा बघणार. भामाबाईने नारळ फोडला, भाकरी बांधून दिल्या. चैतालीने माझ्या पाया पडून सांगितलं, मामा, काळजी करू नका.

म्हणालो, तेराव्याला रोज पाना लावायला कोण आहे तिथे?

ती म्हणाली, ते सगळं बघितलंय, मामा.

आता जातो, जरा शेड झाडून घेतो.

तीच तारीख, सकाळी नऊ

घात झाला.

शेडात गेलो तर खिळ्याला तेरावा लटकतोय! पट्टी, तार, बोल्ट, सगळं. शेजारी माझा दोन फुटी पाना, पुसून ठेवलेला. घाईत इथेच विसरले! गाडी तेराव्याशिवाय गेली!

सुग्रीवला फोन लावला. रेंज नाही. चैतालीला लावला. रेंज नाही. सात वेळा. त्या रानात रेंज कधीच नसते.

भामाबाईला हाक मारली. म्हणालो, गाडी मधेच बसंल, लेकरं चिखलात अडकतील, मोहनराव हाकलून देईल, मी हरिबाच्या मोटरसायकलवर जातो.

ती कढईत फोडणी टाकत होती. म्हणाली, आवं बसा खाली. कुठं जाता ते लोखंड घिऊन.

मी म्हणालो, हे लोखंड नाही, गाडीचा जीव आहे.

ती म्हणाली, जरा उलटं करून बघा की तो जीव.

दुपारी साडेबारा

उलटं केलं.

पट्टीच्या मागे काही नाही. बोल्ट आरपार गेलेलाच नाही. भोकच नाही. नुसतं डोकं पट्टीवर ठेवून भोवतीने वेल्डिंग मारलंय. गोल, सुबक.

डोकं मी ओळखतो, सातव्याचं. एका कोपऱ्यावर हरिबाच्या पान्याने पडलेला ओरखडा आहे. आणि त्या ओरखड्यात थोडी लाल हळद अजून आहे.

पंधरा दिवस मी हाच आवळत होतो. याला पेढा ठेवला.

खाली बसलो. भामाबाईने चहा आणून ठेवला. हसली नाही. म्हणाली, पोरगी अंबाजोगाईला वेल्डिंगवाल्याकडं गेलती तवा तो म्हणाला म्हणं, ताई, हे कशाला लागतंय? तर म्हणाली, घरातल्या मोठ्या माणसाला. मग म्हणाली, पुरता गोल मारा, मनगट लई भारी हाय त्यांचं.

मनगट भारी आहे, असं म्हणाली. हे इथे लिहून ठेवतो.

दुपारी चार

शहादेव मोहनरावांकडे दूध घालून आला. अंगणातूनच ओरडला, अण्णा, गजराजनं सकाळधरनं सहा गाड्या वढल्या, मोहनराव लई खूश! त्याच्या मनगटांकडे आज नीट बघितलं. तेवढी जाड नाहीत.

म्हणजे गाडी चालली. तेराव्याशिवाय. बारांवर. पस्तीसवर.

दोन मार्कांसाठी मी साठ वर्षं मास्तरांना शिव्या घातल्या. पस्तीसला पास म्हणजे पासच. मास्तर तरी दुसरं काय सांगत होते? मी तेहतीसला होतो, हे वेगळं.

तेराव्याला पाना लावून बघितला. सवयीने. नाही हलला.

तेराव्यावर रेघ नव्हती. आज ओढली, हळदीनेच. साबण लावून लाल केली. आता तुटली तरी दिसेल, पण तुटायची नाही.

शहादेव संध्याकाळी परत दूध घेऊन तिकडे जाणार आहे. त्याच्याजवळ चिठ्ठी देतो. तीच इथे उतरवून ठेवतो:

चि. सौ. चैताली हिस त्रिंबकचा आशीर्वाद. खिळ्यावरचं सामान मिळालं. उलटं करून बघितलं. वेल्डिंग चांगलं आहे, मनगटाला पुरून उरलं. इकडचा एक घट्ट आहे, त्याची काळजी करू नकोस. तिकडचे बारा पस्तीसलाच असतील तर पस्तीसलाच असू दे. सुग्रीवला आग्रहाचा आटा मारू देऊ नकोस, त्याच्यात माझं रक्त आहे. फक्त रेघा सरळ आहेत का तेवढं शहादेवजवळ सांग. शहादेव चांगला माणूस आहे. मी दारातच बसलो आहे. निरोप लवकर पाठव.